बॉब रे यांचा ‘व्यवहारवाद’

सत्तेची खुर्ची लाभली की समाजवाद्याला शहाणपण सुचते, या सिद्धांताच्या पुष्ट्यर्थ कॅनडाच्या ऑंटारिओ प्रांताचे माजी मुख्यमंत्री बॉब रे यांचे उदाहरण दिले जाते. ते नीट तपासले तर उलटेच निष्पन्न होते.

सप्टेंबर १९९० मध्ये रे यांच्या न्यू डेमोक्रॅटिक पक्षाने प्रांतिक विधानसभेच्या १३० पैकी ७४ जागा जिंकल्या. त्याच सुमारास मंदीने प्रांताला ग्रासले, महसूल आटला आणि १९९१ च्या अर्थसंकल्पात सुमारे ९७० कोटी डॉलरची तूट दाखवावी लागली. या तुटीबद्दल त्यांना दोष देणे हा निव्वळ अर्थशास्त्रीय अडाणीपणा होय. मंदीत सरकारनेही हात आखडता घेतला असता, तर बेकारीत भरच पडली असती. अपराध पुढचा आहे. मोटारविमा सार्वजनिक क्षेत्रात आणण्याचे वचन त्यांनी १९९१ सालीच गुंडाळले. १९९३ मध्ये तर ‘सामाजिक करार’ या गोंडस नावाखाली सरकारी व निमसरकारी नोकरांचे रीतसर झालेले वेतनकरार कायद्यानेच मोडीत काढले. (कामगार संघटना राजी नसताना झालेला हा करार!) वेतने तीन वर्षे गोठली, वर्षाकाठी १२ दिवसांपर्यंत बिनपगारी रजा माथी आली. अल्पवेतनी नोकरांना वगळले होते, हे मान्य. पण तुटीचे ओझे टाकायला आपलेच मतदार सापडावेत काय?

या व्यवहारवादाने हाती काय लागले? १९९५ मध्ये पक्षाला अवघ्या १७ जागा मिळाल्या. संपकाळात बदली कामगार आणण्यास बंदी घालणारा रे यांचा खरोखर चांगला कायदा नव्या माईक हॅरिस सरकारने त्याच वर्षी रद्द केला. वेतनकरारांच्या प्रश्नावर दुखावलेल्या संघटना त्याच्या रक्षणाला एकदिलाने उभ्या राहणार तरी कशा? रे स्वतः पुढे लिबरल पक्षात गेले आणि २०११ ते २०१३ या काळात त्या पक्षाचे हंगामी नेतेही झाले.

त्यांच्याच पक्षाचे डेव्ह बॅरेट ब्रिटिश कोलंबियात १९७२ ते १९७५ एवढीच तीन वर्षे मुख्यमंत्री होते. १९७५ मध्ये त्यांनी स्वतःची जागाही गमावली. उतावळे म्हणून त्यांची हेटाळणी झाली. परंतु १९७३ मध्ये त्यांनी शेतजमिनीच्या संरक्षणाचा कायदा केला आणि सार्वजनिक मोटारविमा महामंडळ स्थापले. ते घरोघरच्या मोटारमालकांशी जोडले गेले. नंतरच्या उजव्या सरकारांनी ऐच्छिक विम्यात खासगी कंपन्यांना वाव दिला, महामंडळ मात्र मोडले नाही. तेथील मूलभूत मोटारविमा आजही सार्वजनिकच आहे.