आयुष्याच्या हिशेबात भाकरीची नोंद

अन्ननलिकेचा कर्करोग आधी ताटात कळतो. भाकरी छातीत अडकते म्हणून माणूस ती आमटीत कुस्करून खाऊ लागतो. मग पातळ भात, मग पेज, मग नुसते दूध आणि शेवटी स्वतःची थुंकीही गिळता येत नाही. नळी बरीच अरुंद झाल्याशिवाय घास अडकतच नाही आणि अडकू लागल्यावरही काही महिने ‘पित्त असेल’ म्हणून गोळ्यांवर जातात. त्यामुळे मोठ्या दवाखान्याची पायरी चढेपर्यंत बहुतेकांवर पेजेची पाळी आलेली असते. दुर्बीण आत जाते, तुकडा तपासला जातो, सिटी स्कॅन होतो आणि रोग पुढे गेल्याचे कळते. मग नातेवाईक रुग्णाला बाहेरच्या बाकड्यावर बसवून डॉक्टरांना विचारतात : आता किती दिवस?

या प्रश्नाचे उत्तर कसे काढले जाते आणि ते काढताना कोणाचे शरीर प्रमाण मानले जाते, हे आम्ही आज चळवळीच्या वाचकांसमोर मांडत आहोत. आरोग्याचा प्रश्न म्हटला की आपली निवेदने खाटा किती, डॉक्टर किती, औषधे आहेत की नाहीत, इथेच थांबतात. ते विचारलेच पाहिजे. परंतु रुग्णाच्या कागदावर जो आकडा धरून पुढचे उपचार ठरतात, त्या आकड्यालाही जाब विचारता येतो.

डॉक्टरांचा नुसता अंदाज फारसा भरवशाचा नसतो. अमेरिकेत शिकागो येथे ३४३ डॉक्टरांनी ४६८ मरणासन्न रुग्णांबद्दल दिलेले अंदाज तपासले गेले आणि ते २००० साली प्रसिद्ध झाले. पाचांपैकी एकच अंदाज बरोबर निघाला. चुकलेले बहुतेक जास्त आयुष्य सांगणारे होते, आणि डॉक्टर रुग्णाला जितका जुना ओळखत होता तितकी चूक मोठी होती. माया माणसाला खोटे बोलायला लावते, दुसरे काय!

म्हणून संशोधक गणिताकडे वळले. नेदरलँड्समध्ये देशभरच्या कर्करोग नोंदणीच्या आधारे अन्ननलिका व जठराच्या कर्करोगासाठी ‘सोर्स’ नावाचे गणित बांधले गेले. अशा गणितांत वय, गाठीची जागा, रोग कुठे कुठे पसरला हे तर असतेच; शिवाय काहींत वजन किती घटले, रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन किती आणि रुग्ण किती हिंडता-फिरता आहे, हेही धरलेले असते. त्यातून निघणारे महिने हे मधल्या रुग्णाचे असतात. म्हणजे निम्मे रुग्ण त्याआधी जातात, निम्मे त्यानंतरही जगतात. ‘सहा महिने’ म्हणजे सहाव्या महिन्याची तारीख नव्हे, एवढे तरी प्रत्येक घराला सांगितले गेले पाहिजे.

आता हे ‘हिंडणे-फिरणे’ मोजतात कसे ते पाहा. जगभर वापरली जाणारी मोजपट्टी १९८२ साली अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या एका गटाने छापली. शून्य म्हणजे पूर्वीसारखा धडधाकट, चार म्हणजे पूर्ण अंथरुणाला खिळलेला. तिचा पहिला अंक सांगतो की जड काम जमत नाही, पण हलके घरकाम किंवा कचेरीतले काम जमते. कारकुनासाठी पहिला अंक म्हणजे नोकरी शाबूत. पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या ऊसतोड कामगारासाठी तोच अंक म्हणजे कामच गेले. त्याला मोळी उचलता येत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. एक जण बसला की कोयता मोडतो आणि मुकादमाकडून घेतलेली उचल मात्र अंगावर राहते. डॉक्टरांच्या कागदावर ज्याची प्रकृती अजून ‘चांगली’ आहे, त्याच्या घरातली चूल त्याच दिवशी थंडावते. उसाच्या या पट्ट्यात, जिथे १९५० साली प्रवरेचा सहकारी कारखाना उभा राहिला, त्या मोळ्या कोणत्या जातींच्या पाठीवरून गाडीत चढल्या, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

चूल थंडावली की दुसरे दोन आकडेही घसरतात. अल्ब्युमिन नुसत्या उपासमारीने उतरते असे नाही. कर्करोगाने शरीरात पेटवलेला दाह हे त्याचे मोठे कारण आहे. पण ज्याच्या आहारात मुळातच दूध, अंडे, डाळ कमी, त्याच्या अंगात घटायला शिल्लकच नसते. गाठ तेवढीच, रोगाची पायरी तीच, पण भूमिहीन मजुराचे आयुष्य गणितात बागायतदारापेक्षा कमी भरते. गणित खोटे बोलत नाही. समाजाने आधीच केलेली वजावट ते फक्त कागदावर आणते.

मग ही वजावट भरून काढता येते काय? बीजिंगच्या डॉक्टरांनी २०२१ साली याचे उत्तर दिले. अन्ननलिका व जठराचा कर्करोग पसरलेल्या ३२८ रुग्णांवर त्यांनी अभ्यास केला. सर्वांना केमोथेरपी होतीच. त्यांतल्या एका गटाला पहिल्यापासून आहारतज्ज्ञ आणि मनाला आधार देणारा तज्ज्ञ यांचीही जोड दिली. नुसत्या केमोथेरपीच्या गटात मधला रुग्ण ११.९ महिने जगला, जोड मिळालेल्या गटात १४.८ महिने. म्हणजे जवळजवळ तीन महिने वाढले. याच वर्षी अन्ननलिकेच्या पुढे गेलेल्या कर्करोगावर पेम्ब्रोलिझुमॅब या नव्या औषधाची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात केमोथेरपीच्या ९.८ महिन्यांचे १२.४ महिने झाले. दोन्ही अभ्यासांतले रुग्ण सारखे नाहीत, त्यामुळे तराजूत घालून तुलना करू नये. तरीही एका बाजूला ज्याची एकेक मात्रा लाखांच्या घरात जाते असे औषध आणि दुसऱ्या बाजूला वजनकाटा, आहाराचा तक्ता, नाकातून नळी घालून दिलेले पातळ अन्न आणि धीराचे चार शब्द! पहिल्याची बातमी होते. दुसऱ्याची आमच्या जिल्ह्यात जागाही भरली जात नाही, असे कोणत्याही तालुक्याला घडू नये म्हणून हे लिहितो आहोत.

महाग औषधांचा हक्क सोडावा असे आम्ही मुळीच म्हणत नाही. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने २०२२ साली डोके-मानेच्या कर्करोगात निवोलुमॅब हे अशाच जातीचे औषध नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी देऊन पाहिले आणि वर्षभर जगणारे १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. गरिबाचा विचार करून संशोधन केले की असेही घडते.

आपल्याच भागात याची मुळे जुनी आहेत. शेजारच्या बार्शीत १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. नोंदणीचे लोक गावोगाव फिरले, लक्षणे सांगत गेले आणि काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया आधीच्या टप्प्यात दवाखान्यात येऊ लागल्या. अन्ननलिकेचा रोग इतका सोपा नाही, हे मान्य. पण ‘घास अडकतो’ आणि ‘पेज अडकते’ यांमधले महिने तरी वाचू शकतात. आणि जामखेड तर आपल्या जिल्ह्यातच आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तिथे काम सुरू केले आणि गावातल्या अल्पशिक्षित, निरक्षर बायांना आरोग्यसेविका म्हणून घडवले. त्यांत दलित स्त्रिया होत्या. ज्यांच्या सावलीचा विटाळ मानला जाई, त्या गावाच्या लेकरांना तराजूत घालून वजने टिपू लागल्या. वजन घटले म्हणजे काहीतरी बिघडले, हे ज्ञान इथे पन्नास वर्षांपूर्वी वस्तीपर्यंत पोचले होते.

राहिला प्रश्न सांगण्याचा. रुग्णाला बाहेर बसवून त्याच्या आयुष्याची चर्चा करणे ही आपल्याकडे दया समजली जाते. उचल फेडायची की नाही, तुकडाभर जमीन विकून पुण्याला जायचे की घरी राहायचे, मुलीचे लग्न उरकायचे का, हे निर्णय त्याच्या जगण्याचे आहेत आणि तेच त्याच्यापासून लपवले जातात. खोट्या आशेवर जमीन विकली जाते. याच्या उलटही होते. ‘आता काही उपयोग नाही, घरी न्या’ एवढ्या वाक्यावर माणूस परत पाठवला जातो. नळीत जाळी बसवून किंवा थोड्या किरणोपचाराने त्याला पुन्हा गिळता आले असते आणि मॉर्फिनने वेदना आटोक्यात आली असती, हे कोणी सांगत नाही. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनी डॉक्टरांना स्पष्ट सांगितले आहे की आजाराचे गांभीर्य वाढवूनही सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ साली तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेतही माहितीचा हक्क आहे.

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर नेण्याचा निर्णय २०२३ साली झाला. शस्त्रक्रिया, केमोथेरपी, किरणोपचार यांची पॅकेजे त्यात आहेत. रुग्ण दाखल असेपर्यंत जेवणही मिळते. घरी आल्यावर, दोन केमोथेरपींच्या मधल्या तीन आठवड्यांत, त्याच्या पोटात काय जाते याची जबाबदारी कोणाकडे? आमच्या कार्यकर्त्यांनी जिल्हा शल्यचिकित्सकांना पुढचे निवेदन देताना हा प्रश्न लिहावा. अन्ननलिकेच्या प्रत्येक रुग्णाचे वजन पहिल्या दिवशी आणि दर भेटीला केसपेपरवर टिपावे, आहारतज्ज्ञाकडे त्याच आठवड्यात पाठवावे, नळीने अन्न द्यायला घरच्यांना शिकवावे, आशाताईंनी पंधरवड्याला घरी जाऊन काटा लावावा आणि अंदाज सांगायचा तो रुग्णाच्या इच्छेने, त्याच्यासमोर, ‘निम्मे आधी, निम्मे नंतर’ अशा सरळ मराठीत सांगावा. यातल्या एकाही मागणीला नवे यंत्र लागत नाही.