समुद्र वाचवायचाय? आधी मच्छीमारांशी बोलायला शिका

बारावी झालेली मुलगी एक दिवस जाहीर करते, ‘‘मला समुद्रातल्या जिवांसाठी काम करायचंय.’’ आई म्हणते, ‘‘अगं, तुला धड पोहता तरी येतं का?’’ बाबा विचारतात, ‘‘त्यात पगार किती?’’ मुलीच्या डोळ्यांसमोर मात्र निळंशार पाणी आणि डायव्हिंगचा पोशाख असतो.

तुमच्या घरातही असा संवाद झाला असेल, तर एक गोष्ट आधी समजून घ्या. समुद्र संवर्धनाचं बरंचसं काम पाण्याखाली नाही, किनाऱ्यावर चालतं. तेही माशांपेक्षा माणसांबरोबर.

व्हेल शार्कची गोष्ट

व्हेल शार्क हा जगातला सर्वांत मोठा मासा. गुजरातच्या सौराष्ट्र किनाऱ्यावर एकेकाळी त्याची बेसुमार शिकार व्हायची. यकृताचं तेल होड्यांना लावायला आणि मांस निर्यातीसाठी. 2001 मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला सर्वोच्च संरक्षण दिलं, पण भर समुद्रात प्रत्येक होडीवर पोलीस कसा ठेवणार?

2004 मध्ये वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया या संस्थेने वन विभागाच्या साथीने लोकांमध्ये मोहीम सुरू केली. कथाकार मोरारी बापूंनी लोकांना सांगितलं, हा मासा म्हणजे बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक आहे. माहेरवाशिणीला कोणी मारतं का? ज्या माशाला मच्छीमार ‘बॅरल’ म्हणायचे, त्याला ‘व्हाली’ म्हणजे ‘लाडकी’ हे नाव मिळालं. जाळं कापून मासा सोडणाऱ्याला सरकार भरपाई देऊ लागलं. तेव्हापासून तिथल्या मच्छीमारांनी शेकडो व्हेल शार्क स्वतःच्या हाताने सोडले आहेत.

या क्षेत्रात यायचं असेल तर लागणारी बहुतेक कौशल्यं या एका गोष्टीत सापडतात.

ऐकून घेण्याची सवय

जाळं हे मच्छीमाराचं भांडवल असतं. ते कापायला सांगणं म्हणजे त्याच्या घरखर्चाला कात्री लावणं. म्हणून पहिल्याच भेटीत उपदेश करू नका. डिझेलला किती खर्च येतो, कर्ज कोणाचं आहे, कोणत्या महिन्यात मासळी मिळत नाही, हे विचारा आणि शांतपणे ऐका. त्यांची बोली शिका. माशांची स्थानिक नावं तर आलीच पाहिजेत.

इथे मुलींना एक संधी आहे. अनेक कोळीवाड्यांत मासळीची विक्री आणि पैशांचा हिशेब बायका सांभाळतात. चुलीपाशी बसून त्यांच्याशी मोकळेपणाने बोलणं एखाद्या तरुणीला जितकं सोपं जातं, तितकं पुरुष अधिकाऱ्याला जात नाही.

नोंदी ठेवण्याची शिस्त

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावात 2002 पासून सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने गावकऱ्यांसोबत ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. मादी एका वेळी साधारण शंभर ते सव्वाशे अंडी घालते. ती कुंपण घातलेल्या जागी हलवताना उलटीपालटी होऊन चालत नाहीत, नाहीतर आतला जीव मरतो. वाळूच्या तापमानावर पिल्लू नर होणार की मादी, हे ठरतं. म्हणून घरटं कधी सापडलं, अंडी किती, पिल्लं किती निघाली, हे रोज लिहावं लागतं. पहाटे उठून महिनोन्महिने तीच वही भरण्याचा कंटाळा येणार असेल, तर हे काम तुमचं नाही. संगणकावर नकाशे करता येणं आणि संख्याशास्त्राची तोंडओळखही हवी.

कायदा आणि कागद

महाराष्ट्रात 2018 पासून संरक्षित जीव सोडताना जाळं कापावं लागलं, तर मच्छीमाराला 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळू शकते. त्यासाठी फोटो आणि अर्ज लागतो. तो अर्ज भरायला मदत करणारा माणूस गावाला आपला वाटतो. त्यामुळे वन्यजीव कायदा आणि किनारपट्टी नियमन क्षेत्राचे नियम वाचून ठेवा. सरकारी भाषेतलं पत्र आणि निधीसाठीचा प्रस्ताव लिहायला शिका.

शिक्षण कुठे घ्याल?

विज्ञान शाखेची पदवी घेतल्यावर मुंबईची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था, गोवा विद्यापीठ, कोचीचं विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ किंवा तमिळनाडूतल्या परंगीपेट्टईचं अण्णामलै विद्यापीठाचं सागरी जीवशास्त्र केंद्र यांचा विचार करता येईल. वन्यजीवशास्त्रासाठी डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आहे. कायदा, समाजकार्य किंवा पत्रकारिता शिकलेल्यांनाही इथे जागा आहे. पोहायला जरूर शिका. डायव्हिंगचं महागडं प्रशिक्षण मात्र कामाला गरज पडेल तेव्हा घ्या.

बाबांच्या प्रश्नाचं उत्तरही प्रामाणिकपणे द्यायला हवं. सुरुवातीची बरीच कामं ठराविक मुदतीच्या प्रकल्पांवर असतात आणि पगार बेताचा असतो. प्रकल्प संपला की दुसरा शोधावा लागतो. घरच्यांशी याची चर्चा आधीच करा.

आधी चाखून पाहा

मोठी फी भरण्यापूर्वी एक हंगाम स्वयंसेवक म्हणून काम करा. मुंबईत ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या उपक्रमात ओहोटीच्या वेळी खडकांतले जीव दाखवणाऱ्या फेऱ्या होतात. चेन्नईत विद्यार्थ्यांनी 1988 मध्ये सुरू केलेल्या संस्थेचे स्वयंसेवक कासवांच्या हंगामात रात्रभर किनाऱ्यावर चालतात. समुद्र दूर असेल, तर जवळच्या मासळी बाजारात जा. महिनाभर दर रविवारी कोणते मासे आले, कुठून आले आणि केवढे होते, हे विक्रेत्या मावशींना विचारून वहीत लिहा.

चौथ्या रविवारी मावशींनी तुम्हाला स्वतःहून हाक मारली, तर समजा, पहिला धडा तुम्हाला आला.