संस्थांच्या वेबसाइट आणि पेढीची मांडणी

कापडाच्या पेढीत चालू माल गादीजवळ आणि जुन्या गाठी गोदामात असतात. आमच्या तालीमी व फलाही संस्थांच्या वेबसाइटवर मात्र उलटा कारभार दिसतो. अगोदर सदर साहेबांचा पैगाम, मग सत्काराचे फोटो, मग संस्थेचा इतिहास. आणि स्कॉलरशिपचा फॉर्म व अखेरची तारीख कुठेतरी पाचव्या पानावर. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळ्याकडे हे पाहणार कोण? कर्ता पुरुष आखातात किंवा जहाजावर; मोबाईल आईच्या हाती. तिला पैगाम नको, कोणते कागद लागतात ते हवे. तारीख हुकली की जकात देणाऱ्याची अमानत तशीच पडून राहते आणि मुलाचे वर्ष जाते.

म्हणून जुना मजकूर फेकावा असे नव्हे. जून २०२५ मध्ये केंद्र सरकारचे उमीद पोर्टल सुरू झाले. वक्फ मिळकतींची माहिती सहा महिन्यांत चढवायची होती. अशा वेळी जुने दस्त सालवार लावलेले असले तरच निभाव लागतो. ते मागच्या दालनात, पण नीट लावून ठेवावेत.

उर्दू मजकुराचा फोटो चिकटवण्याची रीत सोडावी. तो शोधून सापडत नाही, मोठा केला तर अक्षर फाटते. युनिकोडमध्ये टाइप करावा, शेजारी मराठी द्यावी. आम्ही उर्दू शाळेत शिकलेले असूनही हे सांगतो.

खर्च जकातीतून नको, लिल्लाह रकमेतून करावा. आणि डिझायनरचे बिल चुकते करण्यापूर्वी गावातल्या एखाद्या आईच्या हाती मोबाईल देऊन फॉर्म शोधायला सांगावे. सापडला नाही तर बिल थांबवावे.