ढिली माशी

दसऱ्याला आमच्याकडे बंदुकीला झेंडूचा हार घालतात. हळदकुंकू लावतात, दस्त्यावर गंधाचं बोट ओढतात, पोरं पाया पडतात. आणि त्याच हाराखाली नळीवरची माशी खुळखुळत असते, तिला कोणी हात लावून बघत नाही. पूजा झाली की बंदूक पुन्हा कपाटात. ह्या पूजेचा मला राग आहे. आणि राग धरायचा अधिकार मी कमावलेला आहे, कारण वीसेक वर्षं मीही नुसता हारच घालत होतो.

आमच्या घरात विंचेस्टर आहे, कडीची. 1892 चं मॉडेल. खडकीच्या छावणीतून मायदेशी निघालेल्या एका गोऱ्याकडून आजोबांनी ती घेतली असं घरात सांगतात. चापाखालची कडी पुढे ढकलली की रिकामं टरफल उडतं, मागे ओढली की नवं काडतूस नळीत. आजोबांच्या हातात ती शिवणयंत्रासारखी चालायची म्हणे. परवाना आजोबांचा, मग वडिलांचा, मग माझा. शेतीसंरक्षणाचा.

गाव सिंहगडाच्या पायथ्याकडचं. आता ते महापालिकेत आलंय, 2021 साली तेवीस गावं घेतली त्यात. तेव्हा मात्र भुईमूग होता, मका होता, आणि डोंगरातून रात्री उतरणारी डुकरं होती. एका रात्रीत अर्धा एकर मका झोपवायची. वनखात्याची लेखी परवानगी काढली, कारण 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली त्या कागदाशिवाय गोळी घालता येत नाही. कागद खिशात घेऊन माळ्यावर बसलो. चांदणं स्वच्छ होतं. पन्नास पावलांवर नर उभा, अंगाची आडवी बाजू माझ्याकडे. खांद्यामागे नेम धरला, श्वास सोडला, चाप ओढला. डुक्कर बसलं, उठलं आणि लंगडत ओढ्याकडच्या उसात शिरलं.

सकाळी मी माणसं गोळा करायला गावात गेलो. तेवढ्या वेळात माझी चुलती वैरणीला त्या बांधावर गेली. तिला कोणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम माझं होतं. सुळ्यानं मांडी गुडघ्यापासून वर फाडली. चौतीस टाके. काकी वाचली, पण पाय ओढतच राहिली. भेटायला गेलो तर मलाच म्हणते, "आरं, अंधारात व्हतंय आसं. तुजा काय दोष?"

अंधार नव्हता. पण मी "व्हय" म्हणालो. गावालाही तेच सांगितलं.

खरं कळलं ते पुण्यात. पेठेत एका जुन्या दुकानात बंदुकांचं काम करणारे मिस्त्री होते, आता नाहीत. कडी जड चालते म्हणून बंदूक त्यांच्याकडे नेली. त्यांनी कडीकडे बघितलंही नाही. नळीवरच्या मागच्या पानाला अंगठा लावला आणि माझ्याकडे बघितलं.

"किती दिवस झाले?"

"कशाला?"

"हे पान खाली बसलंय. पट्टीची पायरी सुटलीये. तुम्ही ह्याच्यावर नेम धरता?"

ह्या बंदुकीचं मागचं पान म्हणजे खाच असलेली लवचीक पोलादी पट्टी. तिच्याखाली पायऱ्यापायऱ्यांची एक छोटी पट्टी असते. लांबचा नेम धरायचा तर पान वरच्या पायरीवर, जवळचा तर खालच्या. पान पायरीवर टिकतं ते त्याच्या स्वतःच्या ताणावर. शंभर वर्षांत तो ताण मेला की प्रत्येक बाराच्या धक्क्याला पट्टी केसभर सरकते आणि एक दिवस पायरी सुटते. वरून काही दिसत नाही. नेम धरणारा डोळा फसतो, कारण खाच आणि माशी एका रेषेत आणायचं त्याचं काम तो चोख करतो.

मिस्त्रींनी दुकानाच्या पावतीमागे हिशोब मांडला. पानापासून माशीपर्यंत अर्धा मीटर. पान दीड मिलिमीटर खाली बसलं की पन्नास मीटरवर गोळी पंधरा सेंटीमीटर खाली. खांद्यामागचं काळीज आणि पुढच्या पायाचं हाड यांत अंतर किती असतं ते मला काकीच्या मांडीवरून कळलं होतं. ती पावती मी जपून ठेवली आहे.

माशीची गोष्ट वेगळी. ती नळीतल्या आडव्या खाचेत बसवलेली असते, खाच तळाशी रुंद आणि वर अरुंद. धक्का मागे जातो, म्हणजे खाचेला आडवा, म्हणून ती सहसा एका फटक्यात निघत नाही. पण बसण घट्ट नसेल तर हादऱ्याहादऱ्याला बाजूला चालत जाते. माशी उजवीकडे सरकली तर गोळी डावीकडे पडते. आपण मात्र म्हणतो, वारा होता.

ह्याला इलाज फार नाहीत आणि महागही नाहीत. खाचेतलं तेल-मळ स्पिरिटनं पुसायचं, कारण तेलकट खाचेत काही टिकत नाही. ढिली असेल तर पितळेची पातळ पत्री खाली घालायची, किंवा तळाला पंचानं दोन टिंबं उठवायची, म्हणजे माशी चेपून बसते. ठोकायची ती पितळेच्या खिळीनं, लोखंडाच्या हातोड्यानं नव्हे. मेलेल्या ताणाचं पान बदलायचं. स्क्रू असेल तर त्याला आटे धरून ठेवणारं निळं द्रावण. आणि शेवटी, सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित काम, माशी आणि नळी यांच्यावरून मिळून एक बारीक रेघ ओढायची. रेघ तुटलेली दिसली की माशी हलली. अडाणी माणसालाही कळतं.

आमच्याकडे काय करतात? आगपेटीची काडी खुपसतात. एम-सील थापतात. एकानं तर सायकलच्या ट्यूबची रबरी पट्टी गुंडाळली होती आणि वर मलाच म्हणाला, "बापजाद्यांची बंदूक हाय, नेम आपोआप लागतुया."

आपोआप काही लागत नाही. नेम हलणं आणि माशी हलणं ह्या दोन गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत करूनच आम्ही दोन्ही दोष लपवतो. बार उडाल्यावर नळी उडणारच, तो निसर्ग आहे. दस्ता खांद्यात घट्ट, गाल दर वेळी लाकडाच्या त्याच जागी, पुढचा हात सैल नाही, तर नळी उडून पुन्हा जागेवर येते. येत नसेल तर मिस्त्रींची युक्ती करावी: दुसऱ्याला मागं बसवून कधी खोटं काडतूस भरायला सांगायचं, कधी खरं. खोट्यावर चाप ओढताना नळी खाली गेली तर दोष आपल्या भित्र्या खांद्याचा. नाही गेली आणि तरी गोळ्या भलतीकडे, तर माशी बघा. दहा मिनिटांत निकाल. ही दहा मिनिटं काढायची आमची तयारी नाही. परवान्यासाठी कचेरीत दहा महिने घालवायची आहे.

शहराकडच्यांना वाटेल, ही खेडवळांची कहाणी. तसं नाही. जमिनी गेल्या, पैसा आला, आणि आमच्याच भावकीतली पोरं आता कमरेला पिस्तूल लावून लग्नाला जातात. लग्नात बार काढला तर 2019 च्या दुरुस्तीनं दोन वर्षांपर्यंत कैद आहे, म्हणून हल्ली नुसतं दाखवतात. ते कधी झाडलंय का, विचारा. तेल तरी दिलंय का, विचारा. शेतीसंरक्षणाची बंदूक आणि शेत कुठंय, तर त्यावर बारा मजली सोसायटी.

ह्याच शहरात बालेवाडी आहे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे तिथे घासून तयार झाला आणि 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिसमध्ये 50 मीटर रायफलीत कांस्य घेऊन आला. तोही दुर्बीण लावत नाही, त्या प्रकारात ती चालतच नाही. पन्नास मीटरवर दहाचं वर्तुळ अवघं 10.4 मिलिमीटरचं. त्याच्या .22 ला धक्का नावालाच. तरी ह्या खेळातली पोरं प्रत्येक स्क्रू तपासून उभी राहतात, आणि समोर कागद असतो. आमच्यासमोर जिवंत जनावर असतं आणि उसापलीकडे कोणाची तरी काकी.

कोणी म्हणेल, गाव शहरात आलं, आता बंदूक हवीच कशाला? बरोबर आहे. ज्याला नको त्यानं जमा करावी, मी त्याला नावं ठेवणार नाही. नावं ठेवतो ती ठेवून न सांभाळणाऱ्याला.

सरकारही आमच्यासारखंच. 2016 च्या नियमांनी नव्या अर्जदाराला प्रशिक्षण आलं, चांगलं झालं. पण माझ्यासारख्या वारसानं आलेल्या जुन्याची बंदूक तपासणीला जाते तेव्हा नंबर बघतात, परवान्याची तारीख बघतात, काडतुसं मोजतात. नळीवर काय बसलंय हे आजवर एकानंही विचारलेलं नाही. विचारलं असतं तर काकीच्या आधी मला कळलं असतं.

मागच्या निवडणुकीत बंदूक ठाण्यात जमा होती. आणायला गेलो. हवालदारांनी नंबर जुळवला, सही घेतली. मी तिथेच टेबलावर ती उजेडाकडे धरली आणि चष्मा वर करून रेघ बघितली. तुटली होती. पाव मिलिमीटर, डावीकडे. कुणीतरी ढिगात आपटली असणार.

"काय झालं, काका? मोडलं का काही?" हवालदारांनी विचारलं.

मी त्यांना जवळ बोलावलं आणि रेघ दाखवली. ते बराच वेळ बघत होते. मग आतून दुसरी एक जमा झालेली बारा बोअर घेऊन आले आणि तिची माशी अंगठ्यानं हलवून बघायला लागले.