दुपारचे सहा तास



भारनियमन हा शब्द आपण मायदेशी ठेवून आलो, अशी कुवेतमधल्या बहुतेक मराठी मंडळींची समजूत होती. जून 2024 मध्ये ती संपली. इथल्या वीज मंत्रालयाने वेळापत्रक जाहीर करून काही भागांत दिवसाला दोन तासांपर्यंत वीज बंद ठेवली. एप्रिल 2025 मध्ये, उन्हाळा पुरता सुरूही झालेला नसताना, तीच पाळी पुन्हा आली. तेलावर बसलेल्या देशात वीज कमी कशी पडते, हा प्रश्न मला भारतातून फोनवर अजून विचारला जातो.

उत्तर असे की, टंचाई आहे ती ठरावीक तासांची. जुलै 2016 मध्ये इथल्या मित्रिबाह केंद्रावर 53.9 अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. अशा हवेत कमाल मागणीतला सुमारे 70 टक्के वाटा एकट्या वातानुकूलनाचा असतो. 2024 च्या उन्हाळ्यात मागणी 17,000 मेगावॅटच्या वर गेली. हिवाळ्यात याच्या निम्म्यातही देशाचे भागते. म्हणजे वर्षातल्या काही आठवड्यांच्या दुपारींसाठी वीजकेंद्रे, तारा आणि ट्रान्सफॉर्मर उभे करायचे आणि उरलेले वर्ष ते अर्धे रिकामे ठेवायचे. त्या उन्हाळ्यात कुवेतने आखाती देशांच्या जोडजाळ्यातून 500 मेगावॅट वीज विकत घेतली, 300 ओमानकडून आणि 200 कतारकडून. मंत्रालयाने लोकांनाही आवाहन केले, सकाळी 11 ते संध्याकाळी 5 या वेळेत वापर आवरा.

हे आवाहन घरांपेक्षा कंपन्यांनी अधिक मनावर घ्यायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे. घरात म्हातारी माणसे, तान्ही मुले असतात. त्यांना 48 अंशांत एसी बंद करा असे सांगणे क्रूरपणाचे आहे. कंपनीकडे मात्र मोठा भार एका ठिकाणी असतो, तो हलवायला तंत्रज्ञ असतात आणि एका माणसाच्या निर्णयाने शेकडो किलोवॅट इकडचे तिकडे होतात.

मी स्वतः इमारतींच्या वातानुकूलनाच्या कामात आहे, म्हणून माहितीतलेच सांगतो.

1. इमारत पहाटेपासून नेहमीपेक्षा थोडी जास्त थंड करून ठेवायची आणि दुपारी थर्मोस्टॅट 24 अंशांवर न्यायचा. काँक्रीटमध्ये साठलेला गारवा दोन-तीन तास साथ देतो.

2. कार्यालय सुटायच्या तासभर आधी चिलर बंद करायचे. कुवेत इन्स्टिट्यूट फॉर सायंटिफिक रिसर्चच्या संशोधकांनी 2007 च्या सुमारास सरकारी इमारतींत असे प्रयोग केले आणि ते यशस्वी झाले. यात नवे असे काहीच नाही.

3. गच्चीवरच्या टाक्या भरणारे पंप, फोर्कलिफ्टचे चार्जिंग, लाँड्री, बर्फाचे कारखाने ही कामे रात्रीवर ढकलता येतात.

4. गोठवलेल्या मालाची शीतगृहे सकाळी 11 च्या आत आणखी काही अंश खाली नेऊन दुपारी काँप्रेसर कमी चालवता येतात. औषधे आणि लसी यांच्या बाबतीत मात्र हा प्रयोग करू नये.

5. नव्या इमारतींत थंड पाण्याच्या किंवा बर्फाच्या साठवण टाक्या बसवता येतात. रात्री बाहेरची हवा कमी तापलेली असते, त्यामुळे चिलरला तेवढ्याच गारव्यासाठी वीजही कमी लागते.

आता साधा हिशेब करू. 500 टनांचा एअर-कूल्ड चिलर इथल्या उन्हात टनामागे 1.6 किलोवॅट खातो असे धरा. एकूण झाले 800 किलोवॅट. त्यातले 20 टक्के दुपारी कमी केले की 160 किलोवॅट वाचतात. अशा एक हजार इमारती मिळाल्या तर 160 मेगावॅट होतात. कतारकडून घेतलेल्या विजेच्या हा आकडा फार मागे नाही.

मग हे होत का नाही? एका बैठकीत हा विषय मी मांडला तेव्हा एका वरिष्ठांनी एकच प्रश्न विचारला, "बिल किती कमी होईल?" प्रामाणिक उत्तर होते, फारसे नाही. इथे नागरिकांच्या घरांसाठी 1966 पासून युनिटला 2 फिल्स दर आहे. 2016 च्या दरवाढीच्या कायद्यातूनही ही घरे वगळली गेली. कंपन्यांना दर जास्त पडतो, पण दुपारी 3 चे युनिट आणि पहाटे 3 चे युनिट यांची किंमत सारखीच. आपल्या महाराष्ट्रात उच्चदाब उद्योगांना वेळेनुसार दर कित्येक वर्षांपासून आहेत. रात्रीच्या सवलतीमुळे कारखानदार आपल्या भट्ट्या रात्री पेटवू लागले. पुढे सौरवीज वाढली, तेव्हा केंद्र सरकारने 2023 च्या नियमांत दिवसाच्या सौर तासांचा दर कमी ठेवायला सांगितले. दर बोलू लागला की कारखाने ऐकतात. कुवेतनेही निदान मोठ्या ग्राहकांपासून अशी सुरुवात करावी.

पुण्याची गोष्ट इथे आठवते. 2006 मध्ये तिथल्या उद्योगांनी गर्दीच्या तासांत स्वतःची जनित्रे चालवली आणि ग्रिडवरची तेवढी वीज शहरासाठी मोकळी केली. सीआयआय, महावितरण, वीज नियामक आयोग आणि प्रयास यांनी मिळून हा मार्ग काढला. जादा खर्च शहरातल्या मोठ्या ग्राहकांनी उचलला. सहकार्याचे ते मोठे उदाहरण आहे. पण पुणे उजळले तेव्हा ग्रामीण महाराष्ट्र अंधारातच होता आणि जनित्रांत डिझेल जळत होते, हेही विसरू नये. आपण डिझेलकडे न जाता कामाची वेळ बदलावी.

आणि वेळ बदलताना माणसे विसरू नयेत. उन्हाळ्याचे तीन महिने सकाळी 11 ते दुपारी 4 उघड्यावर काम करायला इथे कायद्याने बंदी आहे. त्या वेळी कामगार खोलीवर असतो. वीज वाचवल्याचे आकडे दाखवण्यासाठी कोणी कामगार वसाहतीचेच एसी बंद केले, तर त्याला बचत म्हणता येणार नाही. तसेच काम रात्रपाळीवर नेले तर त्याचा मोबदला, वाहतूक आणि दिवसा शांत झोपेची सोय मालकाने करायला हवी. कपात अचानक आली की मॉलकडे जनित्र असते. जलीबमधल्या दाटीच्या खोलीकडे ते नसते. कंपन्यांनी आधीच भार हलवला तर ही वेळ टळू शकते, आणि माझ्या दृष्टीने या सगळ्यातला खरा मुद्दा हाच आहे.

आपण इथे पाहुणे, आपल्याला काय करायचे, असे काही जण म्हणतील. आपल्याला इथे मत नाही हे खरे. पण इथल्या अनेक आस्थापनांत देखभाल, प्रकल्प आणि खरेदी विभागांत मराठी माणसे आहेत. चिलर किती वाजता चालू करायचा, हे ठरवणारा माणूस पुष्कळदा आपल्यापैकीच असतो. तेव्हा पुढच्या 1 जूनच्या आत प्रत्येकाने आपल्या कंपनीसाठी अर्ध्या पानाचे टिपण तयार करावे. कोणता भार हलवता येईल, किती किलोवॅट, किती तास, आणि कोणाच्या सहीने. त्यावर सही मिळवण्यासाठी वरिष्ठांचे दार एकदा नव्हे, तीनदा ठोठवावे लागले तरी ठोठवावे.