एलानकूरची टेकडी आणि तुमसरचे ढिगारे

पॅरिस ऑलिंपिकमध्ये २९ जुलै २०२४ रोजी पुरुषांची माउंटन बाइक शर्यत झाली ती एलानकूरच्या टेकडीवर. पॅरिस परिसरातली सर्वांत उंच जागा म्हणून तिचा लौकिक आहे आणि तिची उंची आहे २३१ मीटर. भंडारा शहराच्या सपाट चौकात चहा पीत उभा असलेला माणूस समुद्रसपाटीपासून याहून थोडा वरच असतो! शिवाय ती टेकडी निसर्गाने घडवलेलीही नाही. तिथे पूर्वी दगडाची खाण होती. शेजारी नवे शहर वसवताना निघालेला राडारोडा त्या खाणीवर येऊन पडत गेला आणि त्याची टेकडी झाली. तिच्यावर साडेचार किलोमीटरच्या आतबाहेरची फेरी आखली गेली. ब्रिटनचा टॉम पिडकॉक त्या शर्यतीत मध्येच चाक पंक्चर होऊन मागे पडला आणि शेवटच्या फेरीत फ्रान्सच्या व्हिक्टर कोरेत्स्कीला मागे टाकून सुवर्णपदक घेऊन गेला.

समुद्रसपाटीपासूनची उंची आणि पायाखालचा चढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे खरे. पण ‘आपल्याकडे डोंगर कुठे?’ हा भंडारा जिल्ह्यात हमखास ऐकू येणारा सवाल एलानकूरपुढे टिकत नाही. ऑलिंपिक पद्धतीची क्रॉस कंट्री शर्यत म्हणजे चार ते सहा किलोमीटरच्या वाटेवर पुन्हा पुन्हा घातलेल्या फेऱ्या. सगळा खेळ साधारण ८० ते १०० मिनिटांत आटोपतो. चढ तीव्र असतात, पण एक-दोन मिनिटांत संपतात. तुमसर तालुक्यात आंबागडच्या पायथ्याशी किंवा गायमुखच्या बाजूला सातपुड्याचे जे शेवटचे उंचवटे आहेत, ते या कामाला पुरेसे आहेत. उणीव आहे ती शर्यतीचा घाट समजून घेण्याची.

विदर्भात सायकलीचे वेड आहे आणि त्याला कारणही तसेच भक्कम आहे. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये रेस अॅक्रॉस अमेरिका ही सुमारे ५००० किलोमीटरची शर्यत एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली. त्याच वर्षी नाशिकचे श्रीनिवास गोकुळनाथ यांनीही ती पूर्ण केली. पुढच्या वर्षी समर्थ मॉस्कोहून व्लादिवोस्तोकपर्यंत ९००० किलोमीटरहून लांब अशी ट्रान्स-सायबेरियन शर्यत पार करून आले. त्यांच्यामुळे नागपूर-भंडारा पट्ट्यात कितीतरी जण सायकलवर बसले. साडेतेरा तासांत २०० किलोमीटर ही ब्रेव्हे या लांब पल्ल्याच्या सायकल उपक्रमाची मुदत आता औषधविक्रेत्यापासून शाळामास्तरांपर्यंत अनेकांना पाठ आहे.

पण इथेच घोटाळा होतो. लांब पल्ल्याच्या सायकलस्वाराची दिनचर्या उचलून माउंटन बाइकची शर्यत जिंकता येत नाही. एकाला दिवसरात्र एका लयीत चालायचे असते. दुसऱ्याला दीड तासात तीस-चाळीस वेळा जीव खाऊन झेपावायचे असते आणि त्या मधल्या उतारावर, हात थरथरत असताना, दगडांतून वाट काढायची असते. भंडाऱ्याहून महामार्गाने नागपूर गाठून परत येणारा मुलगा १२० किलोमीटर मारतो, दमतो, खूश होतो. शर्यतीच्या पहिल्याच चढावर मात्र तो मागे राहतो.

अशा प्रशिक्षक नसलेल्या स्वाराची सर्वांत मोठी अडचण आळस ही नसतेच, उत्साह ही असते. त्याला थांबवणारे कोणी नसते. तो रोज निघतो, रोज मध्यम जोर लावतो. सोप्या दिवशी जरा जास्त आणि कठीण दिवशी जरा कमी. स्टीफन सायलर या अभ्यासकाने स्की, रोइंग, सायकलिंग अशा खेळांतल्या अव्वल खेळाडूंचा सराव तपासला, तेव्हा साधारण दहापैकी आठ सत्रे अगदी हलकी आणि उरलेली फार कडक असे चित्र निघाले. हलके म्हणजे किती? त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. पांदणीवरून जाताना बैलगाडीवाल्याने “कुठं चालला गा?” विचारले आणि “तुमसरले जाऊन येतो जी” हे उत्तर धाप न लागता, पूर्ण वाक्यात देता आले, तर वेग बरोबर आहे. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी श्रमाच्या जाणिवेला ६ ते २० आकड्यांची जी मोजपट्टी दिली, तिचाही पाया हाच, की अंगाला काय वाटते ते अंगालाच विचारावे. २२० वजा वय हे नाडीचे सूत्र मात्र ढोबळ आहे. दोन समवयस्कांत दहा-पंधरा ठोक्यांचा फरक सहज पडतो. त्याच्यावर आख्खा सराव टांगू नये.

आठवड्यातले दोन दिवस कडक असावेत. एक दिवस चढाचा: दीड-दोन मिनिटांचा उभा चढ, वर पोचले की हळू खाली, पुन्हा वर. शेवटच्या फेरीची वेळ पहिलीपेक्षा फारच घसरली तर त्या दिवशी तिथेच थांबावे. दुसरा दिवस लांब दमाचा. मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीवर उलट्या वाऱ्यात वीस मिनिटे सलग जोर लावला की चढाची उणीव बरीच भरून निघते. या जिल्ह्यात कोहळी समाजाने बांधलेले तलाव आणि बोड्या इतक्या आहेत की गावाजवळ पाळ नाही असे क्वचितच होते.

मातीचे म्हणाल तर भंडाऱ्याइतकी निवड पुष्कळांना मिळत नाही. पावसाळ्यात कन्हार माती चाकाला अशी धरते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. सिहार बरी चालते. बरडीवर खडे चाकाखालून निसटतात आणि पुढचा ब्रेक जोरात दाबला की स्वार थेट जमिनीवर. टायरमधली हवा कुठे किती कमी करायची हे कोणते पुस्तक सांगणार नाही. हे ज्याने त्याने वहीत लिहून ठेवायचे.

ही वहीच खरा प्रशिक्षक. सकाळी उठल्याबरोबरची नाडी, झोप, काय केले, कसे वाटले, एवढे चार रकाने पुरतात. नाडी दोन-तीन दिवस नेहमीपेक्षा चढी राहिली तर सायकल बाहेर काढायची नाही. मे महिन्यात तर हे जास्तच. नवतप्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की त्याच वेगाला हृदय कितीतरी जास्त धडधडते. निघण्यापूर्वी आणि परतल्यावर वजन करावे. एक किलो घटले म्हणजे साधारण एक लिटर पाणी गेले. मीठ-साखरेचे पाणी, केळी, शेंगदाण्याची चिक्की एवढ्यावर दीड तासाचा सराव निभतो. रंगीत डब्यांतल्या भुकटीची गरज शर्यतीपेक्षा दुकानदाराला जास्त असते.

वेळेबद्दल एक स्थानिक सूचना. पहाटेच्या अंधारात कोका अभयारण्याच्या किंवा कोणत्याही जंगलाच्या कडेने सराव करू नये. वाघ हा इथे गमतीचा विषय नाही, हे मोहफुले आणि तेंदूपत्ता वेचणाऱ्या घरांना विचारावे. अभयारण्याच्या आत तर सायकल नेण्याचा प्रश्नच येत नाही.

एवढे सगळे एकट्याने जमते. दोन गोष्टी जमत नाहीत. पहिली: स्वतःला उतारावर पाहणे. कोपर आवळलेले आहेत का, नजर चाकापुढच्या दगडावर अडकली आहे का, हे स्वाराला कळत नाही. मित्राच्या हातात मोबाइल देऊन चित्रण करून घेणे हा स्वस्त उपाय. पण दुसरी उणीव चित्रणाने भरत नाही. ती आहे स्पर्धेची. २०२१ मध्ये केंद्र सरकारने शिमल्यात माउंटन बाइक आणि बीएमएक्ससाठी राष्ट्रीय केंद्र जाहीर केले. हिमाचलात २००५पासून या खेळाच्या बहुदिवसीय शर्यती होत आल्या आहेत. महाराष्ट्रातही गुणवत्ता आहे. संगमनेरच्या प्रणिता सोमणने राष्ट्रीय पातळीवर ती दाखवून दिली. संगमनेर काही हिमालयात नाही. मात्र तुमसरच्या मुलीला शिमल्यापर्यंत जाऊन आपण कुठे आहोत हे पाहायचे, तर रेल्वेचे भाडे आणि सायकलीचे खोके यांतच घर हादरते.

म्हणून जिल्हा क्रीडा कार्यालयाकडे मागायचे ते स्टेडियम नव्हे. धान निघाल्यानंतर आणि ऊन तापण्यापूर्वी, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात, महिन्यातून एका रविवारी पाच किलोमीटरची आखलेली वाट, दोन घड्याळे, एक रुग्णवाहिका आणि भिंतीवर लावलेली वेळांची यादी एवढे हवे. जागेसाठीही फार शोध नको. डोंगरी बुजुर्गची मँगनीजची खाण उघडी खाण आहे, आणि अशा खाणींभोवती निरुपयोगी दगडमातीचे ढिगारे साठतातच. चालू खाणीत कोणी पाऊल टाकू नये, कच्च्या ढिगाऱ्यावर तर नाहीच. पण काम संपलेला, तज्ज्ञांनी तपासून पक्का ठरवलेला एखादा ढिगारा खाण चालवणाऱ्या ‘मॉइल’ कंपनीने शर्यतीसाठी द्यायला हरकत नसावी. झाडे लावून, उतार बांधून, वाट आखून फ्रान्सने खाणीच्या जागी ऑलिंपिक भरवले. इथे मागणी तुमसर, मोहाडी आणि साकोलीच्या पोरापोरींना महिन्यातून एकदा घड्याळासमोर उभे करण्याची आहे, आणि तिचा खर्च एखाद्या आमदार चषक क्रिकेट स्पर्धेच्या मंडपापेक्षा जास्त होणार नाही.