नव्या नाटकाला घर द्या

नाटक हें एकट्यानें खोलींत बसून पुरें होणारें काम नव्हे. अभंग वहींत राहिला तरी वाचणाऱ्याला पुरतो. पण वहींत राहिलेलें नाटक म्हणजे कणगींत पडून राहिलेलें बियाणें होय. त्याला बोलणारीं तोंडें पाहिजेत, उभें राहावयास जागा पाहिजे, आणि समोर बसून हंसणारीं, रडणारीं, प्रसंगीं उठून जाणारीं माणसें पाहिजेत. आमच्या शेतकरी व कारागीर घरांतून लिहिणारे तरुण आतां पुष्कळ निघूं लागले आहेत. त्यांचें अडतें तें अक्कल कमी म्हणून नव्हे, तर सोबती मिळत नाहींत म्हणून, असें आमचें स्पष्ट मत आहे.

याचा पहिला दाखला खुद्द जोतीराव फुल्यांचा. १८५५ सालीं त्यांनीं ‘तृतीय रत्न’ हें नाटक लिहिलें. अडाणी कुणबी व त्याची गरोदर बायको यांना जोशी ग्रहांची भीति घालून कसा लुबाडतो, आणि विद्येकडे त्यांचें मन कसें वळतें, हा त्याचा विषय. विष्णुदास भाव्यांनीं सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केलें त्यास तेव्हां अवघीं बारा वर्षें झालीं होतीं. भाव्यांच्या पाठीशीं संस्थानचा आश्रय होता आणि हाताशीं नटमंडळी होती. जोतीरावांनीं आपलें नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठविलें, आणि कमिटीनें तें नाकारलें. पुढें तें छापून लोकांच्या हातीं पडावयास शंभरांहून अधिक वर्षें लागलीं! नाकारणें हा अन्याय खराच. पण त्याहून मोठी हानि ही कीं, तें वाचून, बसवून चार गांवांत नेईल अशी मंडळी त्या वेळीं आपल्यांत उभी नव्हती. कुणब्याचें नाटक कुणब्यालाच पाहावयास मिळालें नाहीं.

ही उणीव पुढें जलशांनीं भरून काढली. सत्यशोधक समाज १८७३ सालीं स्थापन झाला, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांपासून त्याच्या विचारांचे जलसे खेडोपाडीं फिरूं लागले. घाट तमाशाचा, म्हणजे आपल्याच लोकांचा. ढोलकी आणि तुणतुणें घरचें. खेळणारे बहुधा कष्टकरी. सावकाराचें खत, लग्नाचा कर्जबाजारी थाट, मुलांची शाळा हे विषय बतावणींत आले. येथें परीक्षक कोण? समोर घोंगडीवर बसलेला गांव. एका गांवीं न उमजलेला सवाल पुढच्या गांवीं बदलतां येई. १९३० नंतरच्या वर्षांत भीमराव कर्डकांनीं आंबेडकरी जलसा याच वाटेनें नेला. १९४४ सालीं अण्णाभाऊ साठे, अमर शेख व गव्हाणकर यांनीं लाल बावटा कलापथक उभें केलें, आणि अण्णाभाऊंचे वग मुंबईच्या कामगारवस्तींत वाढले. ज्याचें दुःख त्याच्याच समोर बोलावयाचें असल्यामुळें खोटें तेथल्या तेथें उघडें पडे.

शहरांतील शिकलेल्यांची गोष्टही निराळी नाहीं. १९७१ सालीं मुंबईंत ‘आविष्कार’ ही संस्था निघाली आणि १९७४ पासून ती दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहांत प्रयोग करूं लागली. तें कांहीं नाट्यगृह नव्हे. पण थोडक्या पैशांत, थोडक्या माणसांपुढें नवें नाटक करून पाहण्याची तेथें सोय झाली. फसलें तरी कोणाचें घर बुडत नसे. शाळेची एक जागा एवढें काम करूं शकते, हें गांवोगांवच्या शाळांनीं ध्यानांत घ्यावें.

आमच्या वाचकांस सर्वांत जवळचें उदाहरण मात्र झाडीपट्टीचें. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या मुलखांत पीक घरीं आलें कीं नाटकांचा हंगाम लागतो, तो होळीच्या सुमारापर्यंत चालतो. वडसा हें त्याचें नाकें. तेथें मंडळ्यांच्या कचेऱ्या आहेत. गांवची मंडळी तेथें जाऊन नाटक ठरविते, मंडप घालते, आणि रात्रभर खेळ चालतो. दरसाल नवें नाटक लागतें, म्हणून लेखकाला काम मिळतें. लेखक, नट, वाजविणारे यांची गांठ याच बाजारांत पडते. तेथील नट परशुराम खुणे यांस २०२३ सालीं पद्मश्री मिळाली. पण त्यांना मोठें केलें तें आधीं धानकऱ्यांनीं.

सोबत म्हणजे नुसती वाहवा मात्र नव्हे. गर्दी जमावी म्हणून गोष्टींत नसलेला नाच मध्येंच घुसडा, असा आग्रह होतो आणि लेखक मुकाट्यानें मान डोलावतो. याकरितां मंडळींत तोंडावर खरें सांगणारे दोघे तरी पाहिजेतच.

तरी आमचें सांगणें असें. ज्यानें नाटक लिहिलें त्यानें तें स्पर्धेस धाडण्याआधीं आपल्या माणसांत मोठ्यानें वाचावें. ऐकावयास सुतार, शिंपी, कुंभार बसवावे. शेतांत राबणाऱ्या बायाही बसवाव्या, कारण बाईचें बोलणें बाईनेंच तपासावें. कोठें जांभई आली, कोठें नको तेथें हंसूं आलें, तें टिपावें व पुन्हां लिहावें. मग दोन प्रवेश उभे करून पाहावे, आणि त्यानंतरच पडदा शिवावयास टाकावा. गांवानें एवढेंच करावें: रात्रीं शाळेची एक खोली उघडी ठेवावी, आणि जत्रेच्या वर्गणींतून कर्ण्यांच्या गोंगाटावर जें उडतें त्यांतलें चौथाई या कामास द्यावें.

बंधुभगिनींनो, जोतीरावांच्या नाटकाला कमिटीनें दार लावलें. आज आपल्या पोराचें किंवा पोरीचें नाटक ट्रंकेंत पडून राहिलें, तर त्या वेळीं बोट कोणाकडे दाखवाल? दार आतां आपल्याच घराचें आहे; तें आपणच उघडावयाचें आहे.